नको असलेल्यालाही नंबर द्यावा लागतो

ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर दंड होतो आणि मत दिलं तर बाहेर सॉसेज मिळतं, तेही विकत. हे सांगितलं की नगरचे आमचे नातेवाईक दंडाचं सोडून आधी सॉसेजची चौकशी करतात. म्हणून ते आधीच सांगून टाकते. पावात गुंडाळलेलं असतं, वर तळलेला कांदा असतो, आणि ज्या शाळेत मतदान असतं तिथले पालक शाळेसाठी म्हणून ते विकतात. मी मात्र इतक्या निवडणुका केल्या आणि गरम सॉसेज एकदाही खाल्लं नाही. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ते गार झालेलं असायचं.

माझी खरी नोकरी टूवूंबा या आमच्या गावातल्या एका दवाखान्यात, कागदपत्रांच्या विभागात. त्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. लिहायचं आहे ते दुसऱ्या, हंगामी नोकरीबद्दल. निवडणूक आली की मी जांभळं जाकीट चढवून मतदान केंद्रावर बसायची. सुरुवातीला टेबलावर, मग रांगेवर, शेवटी केंद्रप्रमुख. गेल्या निवडणुकीनंतर गुडघे म्हणाले, बाई, आता पुरे. म्हणून यंदाच्या नाताळ अंकासाठी हा विषय सुचला.

काम सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं. सकाळी सहाला हॉलवर पोचायचं. मे महिन्यातली, म्हणजे इथल्या थंडीतली, टूवूंबाची सकाळ असली तर बोटं वाकत नाहीत. पुठ्ठ्याचे आडोसे उभे करायचे, प्रत्येकात पेन्सिल ठेवायची. आठ वाजता दार उघडलं की प्रत्येकाला तीनच प्रश्न. नाव काय, पत्ता काय, आणि या निवडणुकीत आधी मत दिलंय का? ओळखपत्र मागायचं नाही, बोटाला शाई नाही. मग दोन पत्रिका द्यायच्या. एक हिरवी, खालच्या सभागृहाची, हातात मावणारी. दुसरी पांढरी, वरच्या सभागृहाची, सतरंजीएवढी. पांढरीचे नियम जरा सैल आहेत, तिचा विषय इथे काढत नाही. हिरवी मात्र कडक. तिच्यावर सात उमेदवार असतील तर सातही चौकटींत आकडे लिहायचे. जो सगळ्यात जास्त हवा त्याला एक, त्याच्याखालोखाल दोन, असं करत सात. तुमचा एक नंबरवाला मागे पडला की तुमचं मत दोन नंबरवाल्याकडे जातं, तोही पडला की पुढे. चौकटी कोऱ्या ठेवल्या की अख्खी पत्रिका बाद. पत्रिका देताना "प्लीज नंबर एव्हरी बॉक्स" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की एकदा घरी जेवताना भाजी वाढता वाढता म्हणाले.

आणि एक मोठा नियम. आपण कुणाच्याच बाजूचे नाही. बिल्ला नाही, घरासमोर पाटी नाही, तोंडावर भाव नाहीत. आदल्या दिवशी तसं लिहून सही द्यावी लागते. कुणी विचारलं, "मॅडम, कुणाला देऊ?" तर हसायचं आणि म्हणायचं, नंबर एव्हरी बॉक्स.

आता स्वतःबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मी ख्रिस्ती आहे आणि पोटातलं बाळ हे माणूस आहे असं मानते. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिच्याकडून हे आलं, आणि पुढे मी पवित्र शास्त्र उघडून स्वतः पडताळून घेतलं. त्याप्रमाणेच मी मत देते. देवाने दिलेल्या जिवाबद्दल ज्याला काही वाटत नाही, त्याच्या हाती कायदा द्यायला माझा हात धजत नाही. या देशातल्या बहुतेकांना हे पटत नाही. माझ्या लेकीलाही नाही. रिया म्हणते, "मम, यू आर स्वित्झर्लंड इन अ पर्पल व्हेस्ट, बट ओन्ली टिल सिक्स ओ'क्लॉक." बरोबरच आहे तिचं. सहापर्यंत मी सगळ्यांची. माझ्या टेबलासमोर नेमक्या उलट्या मताच्या घोषणेचा टी-शर्ट घातलेल्या मुली यायच्या. त्यांनाही मी तीच पत्रिका, तेच हसू द्यायची, आणि ते हसू खोटं नसायचं. ज्या कुणाचं मत मला आवडत नाही त्याचंही मत नीट पेटीत पडलं पाहिजे, हीसुद्धा माझ्या लेखी प्रभूचीच सेवा.

या सेवेत मैत्रीला तडा जायची वेळही आली. हेलन म्हणून माझी प्रार्थनेतली मैत्रीण, सत्तरीची, गुलाबी स्वेटरवाली. एका निवडणुकीत ती दाराबाहेर बाळांच्या बाजूची पत्रकं वाटत होती. प्रचार दारापासून सहा मीटर लांब करायचा असा कायदा आहे, आणि हेलन गप्पा मारत मारत पुढे सरकत पार दाराशी आली होती. मी टेप घेऊन बाहेर गेले आणि जमीन मोजली.

"करुणा, इट्स फॉर द बेबीज, लव्ह," हेलन म्हणाली.

"आय नो, लव्ह. टू स्टेप्स बॅक."

ती दोन पावलं मागे गेली आणि दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटत होता. तिच्या शेजारी उभं राहून पत्रकं वाटावीत असं मला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी मी ते जाकीट निवडलं. याची थोडी खंत आहे. पश्चात्ताप मात्र नाही.

पण ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते शांतवनकाका साळवे.

टूवूंबात आम्ही मराठी ख्रिस्ती जेमतेम आठ घरं. रविवारी सगळे आपापल्या इंग्रजी चर्चमध्ये, पण महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी मराठी उपासना होते. शांतवनकाका त्या उपासनेतले सगळ्यात वडीलधारे. नगर जिल्ह्यात अडतीस वर्षं शाळामास्तर होते, बायको गेल्यावर लेकीकडे, सुवार्ताकडे, इथे आले. नागरिकत्व मिळालं त्या दिवशी त्यांनी कोट घातला होता आणि मग प्रत्येक मतदानाला तोच कोट. मास्तर असल्यामुळे तिकडे प्रत्येक निवडणुकीत त्यांना ड्युटी लागायची. केंद्राध्यक्ष म्हणून एसटीने पेट्या घेऊन गावोगाव गेलेला माणूस. माझ्या टेबलासमोर आले की मला घरात "करुणा, चहा टाक गं" म्हणणारे काका ताठ उभे राहून सांगायचे, "नो मॅडम, आय हॅव नॉट व्होटेड बिफोर इन धिस इलेक्शन." मीही त्यांना कधी काका म्हटलं नाही तिथे. तिथे ते मिस्टर साळवे.

काकांची तयारी महिनाभर आधी सुरू व्हायची. प्रत्येक उमेदवाराला ते हाताने पत्र लिहायचे. प्रश्न एकच. जन्माला न आलेल्या बाळाबद्दल आपले मत काय? उत्तरं फाइलला लावायचे. काही जण छापील कागद पाठवायचे, काही जण काहीच नाही. गुरांचे एक डॉक्टर उभे राहायचे, त्यांचं उत्तर दर वेळी काकांच्या मनासारखं असायचं. एक बाई होत्या, त्यांनी दोन पानं भरून लिहिलं होतं की मला तुमचं म्हणणं पटत नाही, पण आडगावातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद पडू नये म्हणून मी भांडते आहे. ते पत्र काकांनी आम्हाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बाई चुकतीय, पण पळ काढत नाही."

एवढा जीव का लावता, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर, एका टोपलीत ते सापडले होते, दोन दिवसांचे. नाव मिशनच्या बायांनी ठेवलं, आडनाव ज्यांनी वाढवलं त्यांचं. "माझी आई कोण, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण त्या बाईसमोर दुसरा रस्ता होता, आणि तो तिने धरला नाही. ती कुणालाच सांगू शकली नसेल. म्हणून तिच्या वतीने मी सांगतो. पाच वर्षांतनं एक-दोनदा सांगायला मिळतं, ते सोडू होय?"

आता एका निवडणुकीतली ती संध्याकाळ. सहा वाजता दारं बंद होतात आणि लगेच मोजणी सुरू. पेट्यांची सीलं तोडायची, पत्रिका टेबलावर ओतायच्या, घड्या उलगडायच्या. उमेदवारांची माणसं मागे उभी राहून बघत असतात, पण त्यांना हात लावता येत नाही. टेबलावरच्या पेन्सिली आधीच उचलून ठेवतात. एक नंबर कुणाला, त्याप्रमाणे ढीग लावायचे. आणि एका बाजूला बाद पत्रिकांचा ढीग. हा ढीग गमतीचा असतो. कुणी सगळ्या उमेदवारांवर काट मारलेली असते, कुणी कुत्र्याचं चित्र काढलेलं असतं, बरं काढलेलं असतं कधीकधी. एकाने आईच्या हातच्या स्वयंपाकाची तारीफ लिहिली होती.

त्या ढिगात टाकायची म्हणून एक पत्रिका माझ्या हातात आली. गुरांच्या डॉक्टरांच्या नावासमोर एक आकडा, रेखीव. आणि बाकीच्या सहाही चौकटींत, काठापासून काठापर्यंत, पट्टीने ओढावी तशी एकेक आडवी रेघ.

आपल्याकडे शाळेत शिकलेल्या कुणालाही ती रेघ ओळखू येईल. उत्तरपत्रिकेत मुलाने जागा कोरी सोडली की मास्तर तिच्यावर रेघ मारतात, नंतर कुणी तिथे काही लिहू नये म्हणून. माझ्या डाव्या हाताखाली शेकडो पत्रिका होत्या, आणि अशी रेघ मारणारा माणूस त्या अख्ख्या मतदारसंघात एकच होता.

ती पत्रिका मी माझ्या हाताने बादच्या ढिगात ठेवली. दुसरं काही करता येत नव्हतं. महिनाभर पत्रं लिहून, कोट घालून, आईच्या वतीने दिलेलं मत. त्याच्या खाली कुत्र्याचं चित्र, वर स्वयंपाकाची तारीफ. आणि मागच्या निवडणुकीत? त्याच्या मागच्या? मी दर वेळी त्यांना सांगितलं होतं, नंबर एव्हरी बॉक्स, आणि त्यांनी दर वेळी मान हलवली होती.

आता मी करणार काय? मत गुप्त असतं. मोजताना कुणाची पत्रिका ओळखू आली तरी ते ओठांबाहेर काढायचं नाही, तशी माझी सही होती. सुवार्ताला सांगता येईना, नवऱ्याला सांगता येईना. पुढचे महिने उपासनेत काकांच्या शेजारी बसून गाणी म्हणताना मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचं वय ब्याऐंशी. आणखी किती निवडणुका मिळणार होत्या त्यांना?

शेवटी पुढची निवडणूक जवळ आली तेव्हा मी मराठी उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांना म्हटलं, उपासनेनंतर मतदान कसं करायचं ते सगळ्यांना समजावून सांगू का? कुणाला द्यायचं ते नाही, कसं द्यायचं ते. एवढं मला चालतं. पाळकसाहेब म्हणाले, "सांगा की. ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच आहे ते."

सुवार्ताच्या घरी, चहाच्या कपांमध्ये जागा करून मी कागदावर सात चौकटी काढल्या आणि उमेदवार म्हणून सात भाज्यांची नावं लिहिली. रियाच्या वयाची पोरं हसत होती. कारल्याला सात दिले, तोंडल्याला सहा. तेवढ्यात काका बोललेच.

"करुणा, हे मला मान्य नाही. कारलं मला नकोच आहे. मग त्याला आकडा कशाला? आकडा दिला म्हणजे पाठिंबा दिला. जो माणूस पोटातलं लेकरू मारायला हरकत नाही म्हणतो त्याच्या नावापुढे मी आकडा लिहू? देवाला काय तोंड दाखवू?"

म्हणजे त्यांना नियम कळत नव्हता असं नव्हतं. त्यांना तो पाप वाटत होता. मला हे कधी सुचलंच नव्हतं, इतकी वर्षं ते काम करून.

मी प्रभूचं नाव घेतलं आणि म्हटलं, "काका, वर्गात चाळीस मुलं असायची तुमच्या. निकाल लावताना नंबर किती मुलांना द्यायचात?"

"चाळीसला."

"आणि सगळ्यात वांड, सगळ्यात नापास, त्याला?"

"चाळिसावा."

"म्हणजे त्याला पाठिंबा होता तुमचा?"

मी पुढे म्हणाले, "त्याचा नंबर लिहिलाच नसता तर अख्खा निकाल हेडमास्तरांनी परत पाठवला असता. पहिल्याचा पहिला नंबरसुद्धा त्यात गेला असता. शेवटचा आकडा म्हणजेच इथे नको म्हणणं आहे, काका. दुसरी सोय नाही."

"पूर्वी तर इथल्या राज्याच्या निवडणुकीत नुसता एक आकडा चालायचा."

"पूर्वी. आता नाही. आणि देशाच्या निवडणुकीत कधीच नाही."

काकांनी चष्मा काढला. तो पुसला, परत घातला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे करुणा, माझं मत आजवर मोजलंच गेलं नाही?"

सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मला उत्तर माहीत होतं आणि ते देता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, लपवता आलं नाही. मी म्हटलं, "काका, तुमची पत्रिका कोणती ते माहीत असण्याचा मला अधिकार नाही."

केंद्राध्यक्ष राहिलेला माणूस, त्यांना सगळं समजलं असणार. मग त्यांनी मान डोलावली. "बरोबर. असंच उत्तर द्यायचं असतं," ते म्हणाले, आणि कप उचलून गार झालेला चहा संपवला.

थोड्या वेळाने त्यांनीच प्रश्न काढला. "आता सहा नको असलेल्यांत दोन नंबर कुणाला, ते कसं ठरवायचं?" मी हात वर केले, मला बोलायची बंदी होती. पाळकसाहेब म्हणाले, "सगळ्यांत कमी चुकणाऱ्याला शोधायचं, काका. त्यालाही विवेक लागतो. नुसतं एकावर बोट ठेवण्यापेक्षा जास्त लागतो." काका स्वतःशीच म्हणाले, "लेकरू वाचवायचं तर आधी त्या बाईचं कुणीतरी पाहिजे. माझ्या आईचं कुणी नव्हतं." मग उठून आत गेले आणि पत्रांची फाइल घेऊन आले.

निवडणुकीच्या दोन आठवडे आधी काका पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांना वृद्धांच्या निवासात हलवलं. अशा ठिकाणी मतदानाच्या आधी आमची फिरती टोळी जाते. सीलबंद पेटी, दोन माणसं, पलंगापलंगाला. मी केंद्रप्रमुख असूनही त्या दिवशी फिरतीवर नाव लावून घेतलं. हा एवढा एक हट्ट मी या नोकरीत केला.

काकांनी शर्टावर कोट चढवून घेतला होता, खाली पांघरूण. सुवार्ता म्हणाली, "दादा, हात थरथरतोय, मी लिहू का? मदत चालते." काका म्हणाले, "तू बाहेर जा." मी तीन प्रश्न विचारले. ताठ बसता येत नव्हतं तरी उत्तरं ताठ दिली. मी पुठ्ठ्याचा आडोसा त्यांच्या जेवणाच्या ट्रेवर ठेवला, पाठ फिरवली आणि खिडकीबाहेरच्या गाड्या मोजत उभी राहिले.

फार वेळ लागला. माझी जोडीदार घड्याळ बघायला लागली. मग मागून आवाज आला, "मॅडम, पत्रिका खराब झाली. तीनचा आकडा दोनदा पडला. दुसरी द्या. आणि ही रद्द म्हणून वेगळ्या पाकिटात घाला." मला माझं काम शिकवत होते. मी दुसरी दिली. परत वेळ. परत गाड्या. शेवटी घडी घातलेला हिरवा कागद त्यांनी स्वतः पेटीच्या फटीत सरकवला, आणि फटीत अडकू नये म्हणून बोटाने आत ढकलला.

"कठीण पेपर होता," ते म्हणाले. "पहिला सोपा. बाकीच्यांना जास्त विचार करावा लागला."

शनिवारी मतदान संपल्यावर मोजणीला मी बादच्या ढिगाकडे फिरकले नाही. त्या टेबलावर दुसरी माणसं बसवली आणि स्वतः फोनवर आकडे कळवायचं काम घेतलं. पाहिलं नाही, तर माहीत नाही, तर सांगायचा मोह नाही.

रविवारी चर्चहून परस्पर काकांकडे गेले. सलाम केला, खुर्ची ओढली. ते उशीला टेकून बसले होते, सकाळचा चहा हातात. बातम्या त्यांनी ऐकल्या नव्हत्या, माझी वाट बघत होते.

"काका, गुरांचे डॉक्टर हरले," मी सांगितलं. "बऱ्याच मतांनी."

"त्यांना मतं पडली किती?"

मी आकडा सांगितला. काकांनी तो पुटपुटत दोनदा म्हटला. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

"त्यातला एक मी आहे," ते म्हणाले. "हरलो तर हरलो, पोरी. या खेपेला मोजून हरलो."